गल्लीत एकही पोर नाही

हसणार नसाल तर सांगतो. बघा, आत्ताच ओठ दाबताय तुम्ही! बरं, हसा. अख्खी गल्ली हसून मोकळी झाली आहे, त्यात तुमची भर.

माझी बायको सुनंदा म्हणते, मी संशयी आहे. मी म्हणतो, सावध. वासोण्याला सफारीत सिंह बघायला गेलो होतो तेव्हा जाळीच्या गाडीत बसल्या बसल्या मी ड्रायव्हरला विचारलं, "हे दार बाहेरून उघडतं का हो?" यात काय चुकलं? पण सुनंदा अजून येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते सांगते.

आम्ही मूळचे धुळ्याकडचे. नोकरी सामरवरणीला, धाग्याच्या कंपनीत सुपरवायझर. घर जवळच टोकरखाड्यात, शेजार निम्मा गुजराती. घर घेतलं तेव्हा दारात स्कूटर लावायला जागा नव्हती, म्हणून मी ओटा थोडा पुढे घेतला. थोडा म्हणजे... रस्त्यावर. वर पत्राही टाकला. मला बघून शेजारच्या जिग्नेशभाईंनी घेतला, त्यांना बघून समोरच्यांनी. असं करता करता सगळी घरं पुढे सरकली आणि रस्ता बिचारा मध्ये अंग चोरून उभा राहिला. म्हणून आमच्याकडे कोणी मोजायला आलं, की सगळी गल्ली आधी आपापल्या ओट्याकडे बघते.

आमची चिऊ तिसरीत आहे. तिला शाळेत सायकलने जायचं होतं. आता मेन रोडवर कंपन्यांचे टेम्पो, कंटेनर, बसगाड्या. मी बाप होऊन कसा पाठवणार? सायकल नुसती ओट्यावर उभी, आणि चिऊ रोज स्कूटरवर माझ्या मागे तोंड फुगवून.

तर एका सकाळी बघतो, टोपी घातलेली एक मॅडम दांड्याला लावलेलं चाक गल्लीतून फिरवत चालली आहे. मोजायचं चाक! ती नेमकी माझ्या दारासमोर थांबली, वाकली, आणि रस्त्यावर पिवळ्या रंगाचा ठसठशीत गोल काढला. मी चहाचा कप तसाच ओट्यावर ठेवला.

"काका," ती म्हणाली. काका! माझे केस अजून बऱ्यापैकी आहेत हो. "तुमच्या गल्लीतली मुलं शाळेत कशी जातात?"

"तुम्हाला कशाला हवंय?"

"नगरपालिकेकडून आलेय. प्राथमिक शाळेत पायी आणि सायकलने जायचा सुरक्षित रस्ता ठरवतोय आम्ही."

सुरक्षित रस्ता म्हणे! तुम्हीच सांगा, मोजायला आलेल्या माणसाने आजवर कधी खरं कारण सांगितलंय? अतिक्रमण तोडायला येणारा काय ढोल वाजवत येतो? मी मनात म्हटलं, मॅडम, हे दुसऱ्या कोणाला सांगा. मी खान्देशातला आहे.

संध्याकाळी चिऊ आनंदाने उड्या मारत आली. "बाबा, शाळेत टोपीवाल्या ताई आल्या होत्या! त्यांनी विचारलं, चालताना त्रास कुठे होतो?"

"मग? तू काय सांगितलं?"

"म्हटलं, आमच्या ओट्यापाशी. तिथे रस्त्याच्या मधून चालावं लागतं."

झालं! घरचा भेदी तिसरीत शिकतो हे मला कुठे माहीत? पोरांच्या तोंडून काढून घेतात, बघा! केवढं डोकं लावलंय! वर चिऊ म्हणाली की सोमवारी ताई मुलं मोजायला गल्लीत येणार आहेत.

मी तडक जिग्नेशभाईंच्या ओट्यावर बैठक बोलावली. सगळा डाव उलगडून सांगितला. सगळ्यांचे चेहरे उतरले.

"शुं वात करो छो, पाटीलभाई! माझा तर वॉशिंग मशीन पण भायेरच हाय," जिग्नेशभाई म्हणाले.

सुनंदा दारातून म्हणाली, "अहो, त्या बाई खरंच मुलांसाठी आल्या असतील तर?"

"तू गप. तुला कोणीही गंडवेल." मी सगळ्यांकडे वळलो. "जिथून मुलं जातात तिथलाच रस्ता मोकळा करणार ना? मग मुलंच नसली तर?"

सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की मला स्वतःचाच अभिमान वाटला. "दिमाग छे, हं!" जिग्नेशभाईंनी माझी पाठ थोपटली. ती थाप पुढे महागात पडली.

सोमवारी उजाडता उजाडता आम्ही पोरं मागच्या बोळातून रिक्षात कोंबून पाठवली. सायकली लपवल्या, कोणी जिन्यात, कोणी पलंगाखाली. आमची बाथरूममध्ये. सुनंदा आतून ओरडली, "आता काय घंटी वाजवत आंघोळ करू का मी?"

मॅडम आल्या तेव्हा गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

"मुलं दिसत नाहीत, काका?"

"या गल्लीत एकही पोर नाही मॅडम. सगळे आपले म्हातारे-कोतारे."

तेवढ्यात ताप आला म्हणून घरी ठेवलेल्या कोणाच्या तरी पोराने आतून बेचा पाढा सुरू केला. मी म्हटलं, "मोबाईल आहे." मॅडमनी मान हलवली, काहीतरी लिहून घेतलं आणि गेल्या. आम्ही ओट्यावर बसून फाफडा-जिलेबी खाल्ली. जिंकलो होतो ना!

मग शाळेत पालकांची सभा झाली. मॅडमनी भिंतीवर भला मोठा नकाशा लावला होता. पलीकडची गल्ली हिरवी. तिथे मुलांना चालायला आणि सायकलला वेगळी पट्टी, गतिरोधक, आणि मेन रोड ओलांडायला शिट्टीवाला माणूस. पालकांनी टाळ्या वाजवल्या. आमची गल्ली लाल. माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली.

"लाल कशाला?" मी उठून विचारलं.

"काका, शाळेच्या वेळेत मेन रोडवरचे टेम्पो कुठून तरी वळवायला हवेत ना? तुमच्या गल्लीत मुलं नाहीत, म्हणून तिथून सोडायचा विचार आहे." मग जरा थांबून म्हणाल्या, "फक्त टेम्पो वळायला जागा लागेल. तेवढे ओटे काढावे लागतील."

जिग्नेशभाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत सगळं वॉशिंग मशीन होतं.

"आणि... आधी ओटे काढणार नव्हता?"

"अख्खे कशाला? कडेची पट्टी पुरली असती. तुमच्या दारासमोर पिवळा गोल काढला होता ना? तिथे गतिरोधक येणार होता."

मागून चिऊ हळूच म्हणाली, "म्हणजे मी सायकलने कधीच नाही जाणार?" खोटं नाही सांगत, तेव्हा मला फार वाईट वाटलं. तिच्याच दारातून टेम्पो सोडायची व्यवस्था तिच्या बापाने केली होती, आणि वर जिलेबी खाल्ली होती.

"मॅडम, मुलं आहेत!" मी ओरडलो. "भरपूर आहेत! उद्या येऊन बघा!"

दुसऱ्या दिवशी गल्लीत जत्रा. जिन्यातून, पलंगाखालून सायकली निघाल्या. घंट्याच घंट्या! तापातून उठलेलं ते पोरही मफलर बांधून हजर. मला वाटलं, मॅडम खूश होतील. त्यांनी डोळे बारीक केले.

"काका, एवढी मुलं रातोरात कुठून आणलीत?"

"अहो, आमचीच आहेत!"

"सोमवारी तर एकही नव्हतं. बाजूच्या गल्लीतली तर नाहीत ना?"

मला! मला म्हणाल्या! जन्मभर मी लोकांवर संशय घेतला, पण माझ्यावर कोणी घेतला की काय वाटतं ते त्या दिवशी कळलं. माझा आवाज चिरका झाला, घाम फुटला, अगदी खऱ्या चोरासारखा दिसायला लागलो. शेवटी मॅडमनी एकेका पोराला विचारलं, "तुझं घर दाखव." चिऊने बोट दाखवलं. "ते. सगळ्यात पुढे आलेलं."

मॅडमना हसू आवरेना. "ठीक आहे. टेम्पो इथून नकोत असं मी कळवते. तुमच्या गल्लीतून मुलांचा रस्ताही होईल. पण कडेची पट्टी तुम्ही लोकांनीच मोकळी करून द्यायची. स्वखुशीने."

सगळी गल्ली माझ्याकडे बघत उभी. जिग्नेशभाईंनी कुठून तरी घण आणला आणि माझ्या हातात दिला. "पेला तमे, पाटीलभाई. पहिला घाव तुमचाच."

आता स्कूटर उन्हात उभी असते आणि चिऊ घंटी वाजवत शाळेत जाते. सुनंदा पाहुण्यांना सिंहाचा किस्सा सांगत नाही, हा सांगते. पण एक गोष्ट ती मुद्दाम सांगत नाही, म्हणून मी सांगतो. माझा संशय खोटा नव्हता! ओटा तुटणार, हे मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो. तोडणारा माणूस कोण, एवढंच ओळखता आलं नाही.