ओदिलची पिवळी फुली

आमच्या ऑफिसातल्या कपाटात, जन्ममृत्यूच्या दाखल्यांच्या खालच्या कप्प्यात, पिवळ्या रंगाचा एक डबा असतो. तो ओदिलचा. दर मार्चमध्ये ती येणार, डबा हलवून बघणार आणि म्हणणार, "मार्तीन, झाकण पुन्हा कुणी सैल ठेवलं? वर साय धरलीय बघ." झाकण तिनेच सैल ठेवलेलं असतं. एकवीस वर्षं मी मेयरच्या ऑफिसात सेक्रेटरी आहे आणि एकवीस वर्षं हे ऐकून घेतेय. दुसऱ्या कुणाचं ऐकून घेतलं नसतं.

ओदिल आमची पोस्टवाली. आता निवृत्त, वय शहात्तर. माझ्याहून वीस वर्षांनी मोठी, पण पोस्टवालीला अहोजाहो कोण करतं? निम्म्या गावाला प्रेमपत्रं तिनेच पोचवली आणि कुणाची कुणाला, हे एका शब्दाने कधी बोलली नाही. निवृत्त झाली तेव्हा सगळे म्हणाले, आता आराम कर. "घरी बसून काय करू, भिंतींना पत्रं वाटू?" असं म्हणून तिने तळ्याकाठच्या वाटांवर खुणा रंगवायचं काम मागून घेतलं. फुकट. वर ब्रशही स्वतःचे.

खूण रंगवणं म्हणजे नुसता ब्रश फिरवणं नव्हे, हे ती मला भेटेल तिथे ऐकवते. आधी तारेच्या ब्रशने खोडावरचं शेवाळ खरवडायचं. मग डोळ्यांच्या उंचीला दोन बोटं रुंद पट्टा. जिकडे जायचं नाही तिकडे फुली. आणि प्रत्येक खूण दोन्ही बाजूंनी काढायची. त्यासाठी ती पूर्ण वाट चालून जाते आणि तीच वाट उलटी चालून येते. "जाणाऱ्याला सगळेच रस्ता दाखवतात," ती म्हणते. "परत येणाऱ्याने काय करायचं? तिथेच मरायचं?"

तिची सगळ्यात लाडकी वाट म्हणजे धोबिणींची वाट. जुन्या धोबीघाटापासून तळ्याच्या कडेने, अनातोलच्या कुरणाला लागून, पार पाणचक्कीपर्यंत. तासाभराचं चालणं, चढ असा नाहीच. रविवारी जेवण झालं की अख्खं वेर्नोल गाव त्या वाटेवर असायचं. माझ्या नवऱ्याला मी होकार तिथेच दिला. त्यात वाटेचा काही दोष नाही.

सात वर्षांपूर्वी एका पाहुण्याचा मोकळा सोडलेला कुत्रा अनातोलच्या कुरणात शिरला. गाय आणि तिचं तीन आठवड्यांचं वासरू बिथरून तळ्याच्या चिखलात गेली. वासराचा पाय मुरगळला, पोटापर्यंत रुतलं बिचारं. चौघांनी दोर लावून काढलं. अनातोल म्हणजे दगड. दिवसाला चार शब्द बोलला तर घसा बसेल असा माणूस. बायको गेली तेव्हासुद्धा त्याच्या डोळ्यांत पाणी आम्ही पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मात्र कुंपणाची तार धरून ढसाढसा रडला.

ओदिलने त्याच संध्याकाळी धोबीघाटावरच्या अ‍ॅशच्या झाडावर हातभर फुली मारली आणि चालणाऱ्यांना डांबरी रस्त्याने वळवलं. "वासरू मोठं होईपर्यंत," ती अनातोलला म्हणाली. "तू सांगशील त्या दिवशी फुली पुसते. तू सांगितल्याशिवाय नाही. शब्द दिला."

पुढच्या मार्चमध्ये ती त्याच्या दारात गेली. "अनातोल, वासरू मोठं झालं का?"

"नाही अजून," अनातोल म्हणाला.

त्याच्या पुढच्या मार्चमध्ये तेच. त्याच्याही पुढच्या. अहो, वासरू किती दिवस वासरू राहतं? तिसऱ्या वर्षी ते स्वतः व्यायलं! गावात सगळ्यांना ठाऊक. मी ओदिलला म्हटलं, "अगं, ती कालवड आता आई झाली. तुला दिसत नाही का?"

"मला मोतीबिंदू आहे."

"तो डाव्या डोळ्यात!"

"कुरण डावीकडेच लागतं," ती म्हणाली आणि डबा उचलून चालती झाली.

मी काही आंधळी नाही. पहिल्या वर्षी हा प्रश्न विचारायला तिला एक कप कॉफीइतका वेळ लागला होता. दुसऱ्या वर्षी ती कांद्याचं सूप पिऊन आली. गेल्या मार्चमध्ये सकाळी अकराला गेली ती संध्याकाळी सहाला परतली, हातात आलुबुखाराच्या मुरंब्याची बरणी. 'नाही अजून' हे दोन शब्द ऐकायला सात तास!

असं चाललं होतं तोवर गेल्या वर्षी पाणचक्की विकली गेली. पॅरिसचे एक दाताचे डॉक्टर आले. माणूस वाईट नाही, बोलणं गोड. पण त्यांना शांतता हवी होती. दारापुढून जाणारी धोबिणींची वाट गावाने आपल्याला विकावी, असा त्यांनी अर्ज केला. लोकांनी वापरायची सोडलेली वाट गावाला विकता येते, कायदा तसा आहे. मेयरना ऑफिसच्या छताची गळती दुरुस्त करायची होती, ते लगेच तयार. मग पंधरा दिवसांची जाहीर चौकशी लागली. लोकांची मतं लिहायला वही माझ्या टेबलावर, आणि शेवटच्या दिवशी जिल्ह्याहून अधिकारी येऊन वाटेची पाहणी करणार.

फाईल मीच टाइप केली. त्यात एक फोटो होता. तो लावायचं जिवावर आलं होतं, पण नोकरी आहे, लावला.

ओदिल दुसऱ्याच दिवशी आली. चष्मा लावला, पानं उलटली. फोटोपाशी थांबली. अ‍ॅशचं झाड, त्यावर फुली. खाली लिहिलेलं: 'या वाटेवरून जाऊ नये अशी खूण सहा वर्षांपासून आहे. त्यावरून वाट वापरात नाही हे सिद्ध होते.'

ती खुर्चीत बसली. इतक्या वर्षांत तिला माझ्या ऑफिसात बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

"माझी फुली," ती म्हणाली. "मार्तीन, मीच मारली गं त्या वाटेला."

मी म्हटलं, "तू अधिकाऱ्याला सांग ना! फुली तात्पुरती होती, वासरासाठी होती. अनातोल खोटं बोलत राहिला म्हणून…"

"गप्प बस!" ती एवढ्या जोरात ओरडली की आतून मेयर डोकावले. मग आवाज खाली आणून म्हणाली, "अनातोलला खोटारडा म्हणवून मला वाट नको. आणि तू त्या साहेबांपुढे तोंड उघडलंस ना, तर तुझं-माझं संपलं."

मी कबूल केलं. साहेबांपुढे तोंड उघडणार नाही. अनातोलपुढे उघडणार नाही, असं काही मी म्हटलं नव्हतं.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या दुपारी मी त्याच्या अंगणात उभी राहिले आणि मनात होतं नव्हतं ते सगळं ओकले. "उद्या वाट जाईल. ती बाई तुझ्यासाठी तोंड शिवून बसलीय. आणि तू? सहा वर्षांचं वासरू सांभाळतोस? लाज वाटत नाही?" अनातोल गोठ्याच्या दारात दाताळं धरून उभा. सगळं ऐकून घेतलं. "हं," म्हणाला आणि दार लावून घेतलं. मी घरी जाईपर्यंत त्याला शिव्या घालत होते.

दुसऱ्या दिवशी अधिकारी आले. सडपातळ, टोपीवाले, बोलायला मोजके. ओदिल, मी आणि ते, तिघं धोबीघाटावर गेलो. त्यांनी फुली पाहिली, वहीत टिपलं. "पुढे चालता येतं का?" त्यांनी विचारलं. मला वाटलं, आत काटेरी रान माजलं असणार.

फुलीच्या पलीकडे पाऊल टाकलं आणि मी बघतच राहिले. गवत कापलेलं. काटेरी फांद्या छाटून बाजूला रचलेल्या. ओढ्यावर नवी फळी. आणि दर वळणावर, डोळ्यांच्या उंचीला, ताजा पिवळा पट्टा. दोन्ही बाजूंनी.

"बंद वाटेवर खुणा?" अधिकारी म्हणाले.

"उघडल्यावर लागतील ना," ओदिल म्हणाली.

"दरवर्षी रंगवता?"

"नाही रंगवलं तर उडतो रंग."

साहेबांनी टोपी काढून हातात घेतली. म्हणाले, "मादाम, मला वाईट वाटतं. पण एकटी तुम्ही म्हणजे लोक नव्हेत. वाट बंद का झाली आणि कुणाच्या सांगण्यावरून, ते मला कळलं पाहिजे."

ओदिल तळ्याकडे बघत राहिली. मी जीभ चावून धरली होती, खरंच रक्त यायचं बाकी होतं.

ऑफिसात परत आलो तर बाकावर अनातोल. धुतलेला शर्ट, दाढी केलेली, हनुवटीवर कापलेलं. ओदिलला बघून उभा राहिला.

"साहेब," तो म्हणाला, "वाट मी बंद ठेवायला लावली. माझ्या वासरासाठी."

"वासरू किती मोठं आहे?"

"मोठं झालंय." त्याने घसा खाकरला. "पाच वर्षं झाली, मोठं झालंय. मी तिला सांगितलं नाही."

"का?"

अनातोलने टोपी पिळून पिळून तिचं फडकं केलं. "सांगितलं असतं तर ती पुढच्या मार्चमध्ये आली नसती."

मेयर दारात येऊन उभे.

"मूर्खा!" ओदिल कडाडली. कानापर्यंत लाल झाली होती. "कोण म्हणालं आले नसते?"

"अशीच कधी आली होतीस?"

"तू कधी बोलावलंस?"

दिवसाचे काय, आठवड्याचे शब्द अनातोलने संपवले होते. साहेबांनी मतांची वही त्याच्यापुढे सरकवली. "हे सगळं लिहा. म्हणजे वाट कुणी सोडून दिली नाही, तात्पुरती अडवली होती, असं धरता येईल." अनातोलने लिहिलं. चार ओळींना अर्धा तास लागला. अख्ख्या गावाने वाचावी अशा वहीत, त्या माणसाने, खाली सही करून. मी त्याला घातलेल्या शिव्या मनातल्या मनात परत घेतल्या.

जूनमध्ये विक्री नामंजूर झाली. डॉक्टरांनी दाराशी झुडपं लावून घेतली, आता रविवारी येणाऱ्याजाणाऱ्याला हात करतात. ओदिलने तपकिरी रंगाने फुली बुजवली. डबा अनातोलने धरला होता.

आणि परवा पुन्हा मार्च आला. ओदिल आली, डबा हलवला, झाकणावरून मला बोलली. मग अनातोलच्या घराकडे निघाली. मी मागोमाग गेले. खोटं कशाला सांगू, मला बघायचंच होतं. तिने दार वाजवलं. अनातोलने उघडलं. आणि दोघं नुसतीच उभी. आता विचारायचं काय?

शेवटी अनातोलच बोलला. "ती गाय व्यायली परत. गेल्या आठवड्यात. वासरू अगदी लहान आहे."

"वाट बंद होणार नाही, आधीच सांगते."

"वाटेचं कोण बोलतंय? वासराला बघायला येत जा, म्हणतोय."

"किती दिवस?"

"मोठं होईपर्यंत," अनातोल म्हणाला.

ओदिलने रंगाचा डबा माझ्या हातात दिला आणि ती आत गेली.