तंबूमावशींचा संशय

तंबूमावशींच्या हातात कुठलीही वस्तू दिली की त्या आधी तिचा वास घ्यायच्या आणि मग तिच्याकडं बघायच्या. टॉवेल, गोधडी, चहाचा कप, कुणाचा नवाकोरा रेनकोट, सगळ्यांना एकच न्याय. पुण्याहून आलेल्या एका बाईंनी एकदा कौतुकानं त्यांना आपली भारी शाल दाखवायला दिली. मावशींनी ती नाकाशी धरली, दोन्ही टोकं उलगडून पाहिली आणि विचारलं, "कपाट भिंतीला चिकटून हाय का तुमचं?" बाई चपापल्या. कपाट खरंच ओलसर भिंतीला टेकलेलं होतं.

मावशी वरवंडच्या. तिथल्या एका मांडववाल्याकडं त्यांनी वीसेक वर्षं कनाती आणि छतं शिवली होती. मी कारेगावला एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करायचो. ते सोडून दौंड तालुक्यात, भीमेच्या काठच्या आमच्या रानात तंबू लावून पाहुणे ठेवायला लागलो, तेव्हा माझ्याकडं बारा तंबू आणि भरपूर हुरूप होता, अक्कल बेताचीच. पहिल्याच हंगामात दोन तंबूंच्या चेनी गेल्या आणि कुणीतरी मावशींचं नाव सुचवलं. त्या आल्या, चेनी बसवल्या आणि शेजारच्या तंबूची घडी उचलून नाकाशी नेली. हा भिजून तसाच बांधलाय, म्हणाल्या. मी नाही म्हटलं. खरं तर तसाच बांधला होता. त्यांनी जरा वेळ माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि उद्यापासून घड्या मीच घालत जाईन, असं परस्पर सांगून टाकलं.

'वाळलंय' या शब्दावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. कुणी म्हटलं, मावशी, तंबू वाळले, की त्या म्हणायच्या, "कुणी बघितलं?" मग स्वतः उठायच्या, तंबूच्या तळाच्या शिवणीला गाल लावायच्या आणि डोळे मिटून थांबायच्या. कापड वरून वाळतं, पण शिवणीत पाणी दडून बसतं, असं त्यांचं म्हणणं. तंबूबरोबर येणाऱ्या घट्ट पिशव्या त्यांनी कधीच बाजूला टाकल्या होत्या. जुन्या सुती लुगड्यांच्या ऐसपैस पिशव्या शिवून त्यात तंबू सैल भरायच्या, गोदामात फळ्यांवर ठेवायच्या आणि प्रत्येक पिशवीचं तोंड रंगीत दोऱ्यानं, स्वतःच्याच एका गाठीनं बांधायच्या. ती गाठ कशासाठी, हे मला उशिरा कळलं. आपल्यामागं कुणी पिशवी उघडली तर कळावं म्हणून. गोदामाची चावी त्यांच्याखेरीज फक्त माझ्याकडं होती, तेव्हा संशय कुणावर होता ते उघडच होतं. मला ते लागलं.

एरवी त्या मला अनिल म्हणायच्या, अरेतुरे करायच्या. संशय आला की मात्र मी अनिलराव व्हायचो. "अनिलराव, तुमी सकाळी गोदामात गेला व्हता का?" असा मान मिळाला की मी काहीतरी काम काढून सटकायचो. माझी बायको सुनीता हसायची. म्हणायची, आज तुम्हाला 'अहो' म्हणाल्या वाटतं मावशी, काय केलंत?

पाहुणेही यातून सुटायचे नाहीत. वढू बुद्रुकला समाधीचं दर्शन घेऊन एक कुटुंब मुक्कामाला आलं होतं. नदीत डुंबून झाल्यावर मावशींनी त्यांना ओले कपडे कुठं ठेवलेत म्हणून विचारलं. दोरीवर, असं ते म्हणाले. मावशींनी दोरीवरचे कपडे मोजले, माणसं मोजली आणि दोन टॉवेल कमी आहेत म्हणून सरळ तंबूत शिरल्या. टॉवेल गादीखाली निघाले. ते गृहस्थ माझ्याकडं तक्रार घेऊन आले, की तुमच्या बाई आम्हाला चोर समजतात. मी माफी मागितली आणि मावशींना सांगितलं, की जरा माणसं ओळखून वागत जा. त्या म्हणाल्या, ओळखूनच वागते.

तिसऱ्या वर्षी श्रावणात त्यांच्या लेकीचं बाळंतपण होतं, म्हणून त्या शिरूरला गेल्या. त्या नसताना माझ्याकडं एक मोठा गट आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धो धो पाऊस सुरू झाला. आम्ही घाईघाईत तंबू पाडले, चिखलासकट गुंडाळले आणि पिशव्यांत कोंबले. ऊन पडलं की काढू, असं म्हटलं होतं. ऊन पडलं तेव्हा मी दुसऱ्या कामात होतो, आणि मग विसरून गेलो.

मावशी दीड महिन्यानं परतल्या. गोदामाचं दार उघडलं आणि उंबऱ्यावरच थांबल्या. पिशव्यांच्या गाठी बघितल्या, एक सोडली, तंबूची कड बाहेर ओढली. कापडावर काळे-हिरवे ठिपके पडले होते, बोटानं शाई शिंपडावी तसे. कुबट वास माझ्यापर्यंतसुद्धा आला.

"अनिलराव," त्या म्हणाल्या, "हे काय झालं?"

मी वाळवूनच ठेवले होते, गोदामाचा पत्रा गळत असणार, असं मी सांगितलं. साठीच्या मावशींनी तिथलं स्टूल ओढलं, त्यावर चढल्या आणि सगळा पत्रा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात लावून पाहिला. कोरडा ठणठणीत. त्या खाली उतरल्या, पदर खोचला आणि मला एवढंच म्हणाल्या, की सगळे तंबू बाहेर काढ. पंधरा दिवसांनी कारेगावच्या एका शाळेची सहल यायची होती. चाळीस मुलं.

पुढचे चार दिवस त्यांनी मला हलू दिलं नाही. नाकातोंडाला ओलं फडकं बांधायला लावलं, वाऱ्याकडं पाठ करून उभं केलं आणि आधी कोरड्या, मऊ ब्रशनं बुरशी झाडून घेतली. खोलीत झाडली तर ती सगळीकडं बसते, म्हणून हे काम उघड्या रानात. मग चायनीजच्या गाडीवर असतं ते पांढरं व्हिनेगर पाण्यात मिसळून ठिपक्यांवर मारायचं, तासभर थांबायचं, कोमट पाणी आणि सौम्य साबणानं हलक्या हातानं धुवायचं. मी ब्लीच आणलं होतं, ते त्यांनी उचलून लांब ठेवलं. त्यानं डाग जाईल आन् तंबू बी जाईल, म्हणाल्या. कोवळं ऊन थोडा वेळ दाखवून मग सावलीत, वाऱ्यावर दोन-दोन दिवस टांगायचं. डाग पुसट राहिले. डागाचं त्यांना काही नव्हतं. मेलेल्या बुरशीचा डाग राहिला तर राहू दे, जिवंत नको, असं त्या म्हणायच्या.

अकरा तंबू सुधारले. बारावा सुधारला नाही, आणि तोच नेमका सगळ्यात मोठा. त्याच्या आतला पाणी अडवणारा थर चिकट होऊन सोलून निघत होता आणि तीनदा धुवूनही वास जात नव्हता. मावशींनी तो बाजूला काढला. याच्या पिशव्यासुद्धा शिवायच्या नाहीत, कापून टाकायचा, असं बजावलं.

पण शाळेनं मुलींना दुपारी आराम करायला मोठा तंबू मागितला होता आणि मी हो म्हणून बसलो होतो. सहलीच्या आदल्या दिवशी मी दौंडला जाऊन कपड्यांवर मारायच्या सुगंधाच्या दोन बाटल्या आणल्या. तंबूवर आतून-बाहेरून फवारल्या आणि तो लांब, बाभळींच्या पलीकडं लावला. सकाळी मावशींनी विचारलं, मोठा तंबू कुठं आहे. मी म्हटलं, कापायला दिला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मान हलवली आणि मुलांच्या गोधड्या मोजायला निघून गेल्या. त्या इतक्या सहज गेल्या, याचं मला तेव्हा नुसतं हायसं वाटलं.

जेवणानंतर सात-आठ मुली त्या तंबूत पहुडल्या. अर्ध्या तासानं एक मुलगी खोकायला लागली. आधी मैत्रिणी हसल्या, मग घाबरल्या. मी पोचलो तेव्हा तिची छाती वरखाली होत होती, ओठ पांढरे पडले होते आणि श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत होता. माझ्यामागून मावशी आल्या. तंबूच्या दारात क्षणभर थबकल्या, आत शिरल्या आणि मुलीला उचलून बाहेर, नदीकडच्या वाऱ्यावर घेऊन गेल्या. तिला पुढं वाकवून बसवलं, पाठीवर हात ठेवला. शाळेच्या बाईंनी मुलीच्या दप्तरातून तिचं श्वासाचं औषध शोधून दिलं. आम्ही तिला गाडीत घातलं आणि दौंडच्या दवाखान्यात नेलं. सगळ्या वाटेत मी आरशातून तिच्या ओठांचा रंग बघत होतो. संध्याकाळपर्यंत ती सावरली. नवीन जागेची धूळ सोसली नसेल, असं डॉक्टर म्हणाले. बाई मला म्हणाल्या, बरं झालं तुम्ही लगेच गाडी काढली. मी मान डोलावली.

परत आलो तेव्हा मावशी तो तंबू पाडून बसल्या होत्या. कात्रीनं त्याच्या पट्ट्या चालल्या होत्या. त्या आता ओरडतील म्हणून मी उभा राहिलो. त्यांनी मान वर केली नाही.

"सकाळी तू म्हणलास, कापायला दिला. मी बघायला न्हाई गेले," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्सात पहिल्यांदा कुणाचं तरी बोलणं न बघता खरं मानलं. पोरगी मेली असती तर माझ्यामुळंच मेली असती."

मग कात्री न थांबवता त्यांनी आपल्या मालकांची, म्हणजे नवऱ्याची, हकीकत सांगितली. तेही त्याच मांडववाल्याकडं होते. पावसाळाभर बंद असलेलं गोदाम तेच उघडायचे, बुरसटलेली छतं खांद्यावरून तेच बाहेर काढायचे. खोकला लागला तेव्हा धूळ आहे म्हणून सगळ्यांनी सांगितलं. पुढं पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, की हे कुठं काम करतात, काय हुंगतात. मावशींना सांगता आलं नाही, कारण बुरशीनं छाती धरते हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मांडववाल्याला ठाऊक होतं. त्याआधीचा एक गडी त्यानंच छातीला त्रास होतो म्हणून काढला होता. हे त्यांना मालक गेल्यावर समजलं.

पट्ट्या पेटवून, राख मातीत गाडून त्या निघाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत. आठवडाभरानं मी वरवंडला गेलो तर घराला कुलूप. मग शिरूरला, लेकीकडं. मांडीवर नातू होता. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा दिला. मी सगळं कबूल केलं: पावसात गुंडाळलेले तंबू, पत्रा, सुगंध. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या पोरीच्या आईबापाला काय सांगितलंस?"

काहीच नाही, मी म्हटलं. मुलगी आता बरी आहे.

"त्यांना ठाऊक पाहिजे पोरगी कशानं आजारली ते. मला कुणी न्हाई सांगितलं. जा, सांग. मग माझ्याकडं ये."

मी शाळेकडून पत्ता घेतला. कारेगावात, कंपन्यांत जाणाऱ्या माणसांच्या एका चाळीत दोन खोल्या. तिथली ड्यूटीवर जायची घाई, दारातले बूट, सगळं माझ्या ओळखीचं होतं. मुलीचे वडील पहिल्या पाळीहून नुकतेच आले होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं, की तंबूला बुरशी होती, मला माहीत होतं, तरी मी तो लावला. तिची आई आतून आली आणि माझ्याकडं बघत राहिली. वडिलांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "इथले डॉक्टर दर खेपेला विचारतात, तिथं काय होतं म्हणून. आम्ही तिचं दूध बंद केलं, मांजर सोडून आलो." मला जा म्हणाले नाहीत, या म्हणाले नाहीत.

मी शिरूरला फोन करून सांगितलं, जाऊन आलो. मावशी बरं म्हणाल्या. पण त्यांनी माझ्या शब्दावर विसंबायचं सोडलं होतं. दुसऱ्या दिवशी एसटीनं त्या स्वतः कारेगावला गेल्या, ते घर शोधून काढलं आणि मुलीच्या आईला विचारलं, असा-असा माणूस आला होता का. हे मला त्या वडिलांकडूनच पुढं कळलं. सोमवारी सकाळी मावशी माझ्या दारात उभ्या होत्या. सुई-दोरा मागितला आणि कामाला बसल्या.

त्यानंतर त्या दोन वर्षं होत्या. मग डोळ्यांनी दगा दिला, शिवण दिसेना, आणि लेकीनं त्यांना कायमचं शिरूरला नेलं. जाताना सुनीताला म्हणाल्या, हा आता बरा हाय, पर नजर ठेव.

गेल्या महिन्यात सकाळी एक कुटुंब फाटकाशी आलं. मी आधीच सांगून टाकलं, की कालच्या पावसात दोन तंबू भिजलेत, अजून वाळलेले नाहीत, ते मी देणार नाही आणि बाकीच्यांत दाटी होईल. ते गृहस्थ माझ्याकडं बघत राहिले. आपण होऊन एवढं सांगतोय, म्हणजे अजून काहीतरी लपवतोय, असंच त्यांना वाटलं असणार. मला त्यांचा राग आला नाही. मी फाटक उघडलं आणि म्हटलं, "आत या. सगळे तंबू उघडून बघा, मग ठरवा."

त्यांनी एकूण एक उघडून पाहिला.