माझ्या नावावर टाकलेली ओळ

"कोट्यातून आलेल्यांना कोट काय कळणार?"

टीम लीड हे भर मीटिंगमध्ये बोलला. ग्राहकासमोर आमचं वेबपान उघडलं आणि पांढरं पडलं होतं. ग्राहक एक हॉस्पिटल; तिथल्या एका पेशंटचं आडनाव डिसूझा. इंग्रजीत त्यात मधेच एक अवतरणचिन्ह येतं. ऑफिसात आम्ही त्याला कोट म्हणतो. तेवढ्या एका कोटानं पान चालवणारी जावास्क्रिप्ट तुटली.

सगळे हसले. मीही हसले. त्याची शरम अजून जात नाही.

पान माझं होतं. ती ओळ माझी नव्हती. आम्ही हॅस्केल या प्रोग्रामिंगच्या भाषेत काम करतो. तिथं प्रत्येक व्हॅल्यूला टाइप, म्हणजे ठरलेला प्रकार, असतो. नाव हा मजकूर आहे असं सांगून जावास्क्रिप्टच्या साच्यात घातलं, की कोट भाषाच सांभाळते. कच्चं घातलं, तर नावातलं चिन्हही कोड होऊन बसतं. लीडनं घाईत कच्चं घातलं होतं. मी आठवडाभर आधीच सांगितलं होतं.

"आता तू मला हॅस्केल शिकवणार?" तो म्हणाला होता.

मॅनेजरनं मला ग्राहकाला माफीचा मेल लिहायला लावला. मी लिहिला. चूक माझी, असं त्यात म्हटलं.

रविवारी उमरेडला घरी गेले. बाबा कोळसा खाणीतून रिटायर झालेले. जेवताना सगळं सांगितलं.

"चूक तूनं केली काय?"

"नाही."

"मंग माफी काहून मागून राहिली वं?"

"नोकरी आहे, बाबा."

त्यांनी ताट सारलं. "साहेबाच्या शिव्या मी खाल्ल्या. तुले त्याच खायले शिकवलं काय?"



सोमवारच्या मीटिंगमध्ये मी माझा लॅपटॉप पडद्याला जोडला. कोडमध्ये कोणी काय बदललं त्याची नोंद उघडली. ती ओळ. शेजारी लीडचं नाव. मोठ्यानं वाचलं. कोणी हसलं नाही.

"अगं, गंमत होती ती," लीड म्हणाला. "इतकं मनाला लावून घेतेस?"

"ओळ तुमची होती. गंमत माझ्या जातीची केली."

"आपण बाहेर बोलू," मॅनेजर उठला.

"लीड बोलले इथं. आता इथंच बोला."

 माफी कोणी मागितली नाही. मी ग्राहकाला दुसरा मेल पाठवला, ओळ कोणाची ते लिहून. महिन्याभरात मला हॅस्केल लिहिण्यावरून काढलं, टीममधल्या दुसऱ्यांचा कोड तपासायला बसवलं. लीड अजून लीडच आहे.

मी कंटाळून राजीनामा देईन, असं त्यांना वाटतं. देणार नाही. आता त्यांची प्रत्येक ओळ माझ्या डोळ्यांखालून जाते. चूक ज्याची, नाव त्याचंच लिहीन. दर वेळी.