कौशल्याचा अर्ज

अकोटच्या देवमन तायडेला सतरंजी विणता येत नव्हती. दिवसभर तो जिनात कापसाच्या गाठी उचलायचा आणि घरी आला की बायकोला मागावर ताण्याचे उभे धागे लावून द्यायचा. विणायची ती कौशल्या. नक्षी तिनं कागदावर कधी काढली नाही, सगळी तिच्या डोक्यात.

तिचा माग अरुंद होता आणि लोकांना बैठकीच्या मोठ्या सतरंज्या हव्या असत. एकसष्ट साली ग्रामसेवकानं सांगितलं, लहान धंद्याला सरकार कर्ज देतं. कौशल्या लगेच म्हणाली, "अवो, अर्ज माह्या नावानं करा. विनते मी."

अंगठा उठवायला मात्र ती तयार नव्हती. पंधरा दिवस चुलीतल्या राखेत बोट फिरवून ती सही शिकली. अर्जावर तिची अक्षरं रेघ सोडून वर चढत गेली, तेव्हा ती लाजून हसली होती.

मग अकोल्याच्या खेपा सुरू झाल्या. आज साहेब दौऱ्यावर, उद्या कागद कमी. शेवटी जमीनवाला किंवा पगारदार जामीन मागितला. खुशालराव पाटलांच्या बैठकीत कौशल्याच्याच सतरंज्या अंथरलेल्या, त्यांनी हो म्हटलं, आणि सहीच्या दिवशी म्हणाले, "शेताचे कागद सापडून नाई राहिले, देवमन." बौद्ध झालेल्या माणसासाठी ते पुन्हा सापडले नाहीत. अखेर वस्तीतल्या रामराव गुरुजींनी आपल्या पगारावर सही दिली. यात दोन वर्षं गेली.

त्रेसष्टच्या श्रावणात कौशल्याला कावीळ झाली. बारा दिवसांत ती गेली.

मंजुरीचं पत्र आलं दिवाळीनंतर. पाकिटावर 'श्रीमती कौशल्याबाई देवमन तायडे'. पोस्टमननं विचारलं, "बाई कुठं हायेत?" देवमननं नुसता हात पुढे केला.

पत्र घेऊन तो अकोल्याला गेला. कारकून वयस्कर होता, माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "तुमच्या नावानं नवा अर्ज करा. मीच लिहून देतो."

"मले विनता येत नाई, साहेब."

"शिकाल की."

"कोनापासून शिकू?"

कारकुनानं कागद सरकवला. कर्ज नको असल्याचं लिहून द्यायचं होतं, कारणासकट. देवमन चौथीपर्यंत शिकलेला. 'अर्जदार' इथवर लिहून तो थांबला. पुढचा शब्द त्यानं अजून कुणापुढे तोंडानंही उच्चारला नव्हता. लोक विचारत तेव्हा 'ती नाई' एवढंच म्हणायचा.

"मयत लिहा," कारकून हळूच म्हणाला.

"तुमी लिवा ना, साहेब. माहा हात चालून नाई राहिला."

कारकुनानं लिहिलं. देवमननं खाली सही केली आणि तिचा जुना अर्ज परत मागितला. तो फायलीतच राहतो, मिळत नाही, असं कळलं. "मंग एक डाव पाहू द्या," तो म्हणाला. फाईल उघडून दिली. तिच्या सहीवर तळवा ठेवून तो बराच वेळ उभा राहिला. रांगेतली मागची माणसं ओरडायला लागली तेव्हा बाजूला झाला.

पुढे पंधरा वर्षं त्यानं जिनातच हमाली केली. कौशल्याची मागावर राहिलेली अर्धी सतरंजी पुरी करून देते, असं शेजारची सुभद्रा दोनदा म्हणाली. त्यानं करू दिली नाही.