स्टॅनमोरच्या झाडीतली जर्मन टेकडी

आमच्या शेजारच्या आजी मूळच्या जर्मन. तरुणपणी नर्सचं काम करायला इंग्लंडला आल्या, इथल्याच एका माणसाशी लग्न केलं आणि पिनर या उपनगरात आमच्या रस्त्यावर आयुष्य काढलं. आम्ही नागपूरहून येऊन त्यांच्या शेजारचं घर घेतलं तेव्हा नवरा जाऊन त्यांना बराच काळ झाला होता. नजरही अधू होत चालली होती. समोरचं दिसायचं नाही, कडेकडेचं दिसायचं. "तुझा चेहरा मला कधी दिसला नाही, कानातले मात्र सगळे पाठ आहेत," असं त्या हसून सांगायच्या.

त्यांना एकट्याने फिरायला जाता येईना, म्हणून शनिवारी सकाळी मी त्यांना गाडीतून स्टॅनमोरच्या जंगलात न्यायला लागले. जंगल म्हणजे फार मोठं नाही. बर्च, ओक, मध्ये मध्ये काटेरी होलीची झुडपं, आणि पायाखाली नदीतून उचलून आणल्यासारखे गोल गोटे. चढही बेताचाच. पण माझ्या दंडाला धरून त्या चालायला लागल्या की थोड्या वेळाने दुसऱ्याच चढावर असायच्या.

"आता डावीकडे झरा येईल," त्या म्हणायच्या.

झरा नसायचा. होलीची झुडपं असायची. पहिल्यांदा मला वाटलं, आजींचा गोंधळ होतोय. मग कळलं, त्यांना पक्कं माहीत असायचं की आपण स्टॅनमोरला आहोत. आपल्या गावामागची टेकडी त्या या झाडीवर हलकेच पांघरूण घालावं तशी पसरत होत्या.

ती टेकडी लहानशी, शेतांच्या मधोमध एकटीच उभी, उपड्या वाटीसारखी. पोटात केव्हाच विझलेला ज्वालामुखी. दगड काळा, सहा बाजूंचे खांब एकमेकांना टेकवून उभे केल्यासारखा. माथ्याभोवती दगडांचं एक कडं होतं, कुणी तरी फार जुन्या लोकांनी शत्रूला अडवायला रचलेलं. पुढे तेच दगड उचलून एका सरदाराने गढी बांधली. गढी पडली, तेव्हा गावकऱ्यांनी ते खाली आणून गोठे बांधले आणि चर्चचा पाया भरला. मग खाणवाले आले, टेकडीची एक बाजू खाऊन निघून गेले. खाणीत हिरवं पाणी साचलं. आणि या सगळ्यावर झाडं, अगदी माथ्यापर्यंत. गावात कुणी 'टेकडीवर जातो' म्हणत नसे. 'टेकडीत जातो' म्हणत.

"आमच्याकडेही दगड काळाच," मी एकदा म्हटलं. "नागपुरात आमच्या घराजवळ झाडीची टेकडी आहे. तीही ज्वालामुखीचीच."

त्या थांबल्या. "मग आपण एकाच दगडाच्या की," म्हणाल्या, आणि पुन्हा चालायला लागल्या.

हळूहळू मलाही ती टेकडी दिसायला लागली. धुकं असलं की जास्तच. एका शनिवारी पावसाचे थेंब पडायला लागले आणि मी सहज बोलून गेले, "गढीपाशी आडोशाला थांबू या का?" दोघींनाही क्षणभर त्यात काही वावगं वाटलं नाही. मग त्या इतक्या हसल्या की काठी खाली पडली.

गेल्या वर्षी ऑफिसच्या कामासाठी मला फ्रँकफर्टला जावं लागलं. आजींचं गाव तिथून फार लांब नव्हतं, म्हणून मी एक दिवस जास्त राहायचं ठरवलं. आजींना सांगितलं तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"पार वर जा. माथ्यावर सुईसारख्या पानांची उंच स्प्रूसची झाडं आहेत, त्यांच्यात उभी राहा. तिथे भर दुपारी संध्याकाळ असते. तो वास लक्षात ठेव आणि मला येऊन सांग."

छोट्या ट्रेनने, मग बसने मी त्यांच्या गावी पोचले. खालच्या उतारावर बीचची झाडं होती, कोवळ्या पानांतून हिरवा उजेड पडलेला. खाणीतलं पाणी दिसलं. काळ्या खांबांवर मी हात ठेवला, ते गार होते. झऱ्याच्या जागी नुसती ओल होती. प्रत्येक वळण मला ओळखीचं वाटत होतं. आपण इथे नेहमी येतो असंच वाटत होतं.

मग झाडं संपली. माथा उघडा होता. करडे वाळके सांगाडे, तोडलेले बुंधे आणि लख्ख ऊन. कुत्र्याला फिरवायला आलेल्या एका माणसाने सांगितलं, उन्हाळे कोरडे गेले, झाडं तहानली, मग सालीतल्या किड्याने सगळी स्प्रूस संपवली. मी त्या जुन्या कड्याच्या उरल्यासुरल्या दगडांवर बसून राहिले. खाली गावाची लाल कौलं दिसत होती. आता आजींना काय सांगायचं?

पिनरला परतल्यावर त्यांच्या किचनमध्ये चहा घेताना मी खाण सांगितली, बीच सांगितले, काळे खांब सांगितले. वास कसा होता तेही रचून सांगायला निघाले होते.

"आणि वर?" त्यांनी विचारलं.

माझ्याने खोटं बोलवेना. "वर झाडं नाहीत आजी. वाळली सगळी."

त्यांनी कप दोन्ही हातांत धरला. मग म्हणाल्या, "म्हणजे गाव दिसतं?"

"हो."

"मी लहान असताना दिसायचं. युद्ध संपलं होतं, कोळसा नव्हता. गारठून मरायच्या भीतीने लोकांनी माथ्यावरचं जंगल तोडलं. आम्हीही तोडलं. आई पुढून हातगाडी ओढायची, मी मागून ढकलायची. वर उभं राहिलं की आमचं अंगण दिसायचं. आई कपडे वाळत घालताना ओळखू यायची." त्यांनी कप बशीत ठेवला. "नंतर शाळेने आम्हा मुलांना रोपं लावायला नेलं. ते स्प्रूस आम्हीच लावलेले. माझंही एक होतं त्यात."

मी म्हटलं, "बुंध्यांच्या मधून बर्चची रोपं आलीत. माझ्या कमरेएवढी. कुणी न लावता."

"कुणी न लावता," त्या म्हणाल्या. मग त्या रडल्या, आणि मी खुर्ची सरकवून त्यांच्याजवळ बसले.

त्या हिवाळ्यात त्यांचे पाय गेले. आता त्या हॅरोजवळच्या एका केअर होममध्ये असतात. मी रविवारी जाते. झरा, गढी, सरदार यांचं बोलणं आता फारसं निघत नाही. निघते ती उघडी टेकडी: गोठलेल्या चिखलातली हातगाडीची चाकं, बोटं बधिर झाल्यावर आईने त्यांना स्वतःच्याच काखेत दाबून धरायला लावलेले हात, बटाट्याच्या सालींचं सूप. इतक्या शनिवारांत यातलं एक अक्षरही त्यांनी मला सांगितलं नव्हतं.

मागच्या रविवारी त्यांनी डोळे मिटूनच विचारलं, "तू गेलीस तेव्हा वर थंडी होती का गं?"

"थंडी नाही. पण वारा होता."

"असणारच," त्या म्हणाल्या. "झाडं नसली की तिथे वारा फार. डोक्याला रुमाल बांधायला हवा होतास."