मृदंगाची कणीक आणि माझा डावा हात

डाव्या तळहातावर गळू झालं, त्यावर मी मृदंगाची शिळी कणीक बांधली आणि वर फडकं गुंडाळून गावभर हिंडलो.

वाशीमच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरसाहेबांनी ते फडकं सोडलं. वास आला तसं तोंड फिरवून त्यांनी विचारलं, "हे काय आहे?"

"कणीक."

"कसली?"

"मृदंगाची, साहेब. सप्त्यातली."

आधी हात पाहावा की डोकं, हे साहेबांना काही वेळ ठरवता येईना.

ज्यांनी मृदंग दुरून ऐकला असेल त्यांच्यासाठी सांगतो. मृदंगाच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापतात, म्हणजे आवाज घुमतो. वाजवणं झालं की ती खरवडून गाईला घालतात. आसेगावात आमचा हरिनामाचा सप्ता उठला तेव्हा शेवटच्या दिवसाची कणीक मी डबीत जपून ठेवली. नामाचा एवढा गजर प्यालेली कणीक, ती गाईला कशी घालायची?

हात ठसठसू लागला तेव्हा माझी बायको सुभद्रा म्हणाली, "जवसाचं गरम पोटीस बांधा." मी म्हणालो, "जी कणीक लाकडातून आवाज ओढून काढते, तिले पू ओढाले कितीक वेळ?" आणि गळवाची ठसठस बरोबर ठेक्यात चालली होती हो! येणाऱ्याजाणाऱ्याला मी ती चुटक्या वाजवून दाखवत होतो.

मग थंडी वाजून ताप भरला. मनगटापासून कोपरापर्यंत लाल रेघ चढली, काखेत गाठ आली. वाचणाऱ्यांनो, अशी रेघ दिसली की त्याच दिवशी दवाखाना गाठा. मी ती रेघही कौतुकानं पाहत बसलो होतो. सुभद्रेनं बैलांची दमणी जुंपायला लावली आणि मला पोत्यासारखं आत टाकलं.

डॉक्टर म्हणाले, "ॲबसेस." म्हणजे आत कोंडलेला पू. पुढे म्हणाले, "सेप्टिक." म्हणजे ते विष अंगात पसरायला निघालं आहे. "आजच चिरावं लागेल. हात बहुतेक वाचेल. मृदंग वाजेल की नाही, ते मी सांगू शकत नाही."

तोवर मला सगळी गंमतच वाटत होती. शेत माझा भाऊ माझ्यापेक्षा बरं पाहतो, हिशेब बायको पाहते. गावात मला जी थोडीफार किंमत, ती मृदंगामागे मांडी घातल्यावर. तो गेला तर मी म्हणजे नुसता जेवणारा माणूस. सुभद्रेनं तोंडाला पदर लावला, तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

क्लोरोफॉर्मची पट्टी नाकावर ठेवून त्यांनी आकडे मोजायला सांगितलं. मी मृदंगाचे बोल म्हणू लागलो, थेट शेवटी तीनदा घ्यायच्या तिहाईपर्यंत. शुद्धीवर आल्यावर कंपाउंडर म्हणाला, "बुवा, तुमची तिहाई अर्धीच राह्यली."

तळहाताच्या जखमेत कापडाची वात भरलेली, हात गळ्यात बांधलेला. पण उजवा मोकळा होता ना! त्यानं मी लोखंडी खाट बडवू लागलो. शेजारच्या खाटेवर शिरपूरचा एक जण पाय मोडून पडला होता. तो म्हणाला, "अबे भाऊ, माहा पाय मोडला हाये. कान शाबूत हायेत."

डॉक्टरांनीही ऐकलं. म्हणाले, "तुम्ही थोडा वेळ काहीच का करत नाही? मी फक्त जखम धुतो. ती भरते, तुम्ही स्वस्थ पडता तेव्हा."

मी स्वस्थ पडलो आणि चरफडलो. मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. प्रत्येक ठेक्यात एक जागा असते, तिला खाली म्हणतात. तिथं डाव्या हातानं घुमायचं नसतं, गप्प राहायचं असतं. ती जागा आहे म्हणून पुढची सम, म्हणजे ठेक्याचा पहिला ठोका, गोड लागते. मी आयुष्यात एकही खाली रिकामी सोडली नव्हती. भजनातही नाही, जेवणातही नाही, आणि बायको बोलत असताना तर नाहीच. आता सुभद्रा भाकरी घेऊन आली की मी तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकू लागलो. तिनं घाबरून डॉक्टरांना विचारलं, "ताप डोक्यात तं नाही गेला यायच्या?"

जखम भरली, पण बोटं मिटलेलीच. टेंडन, म्हणजे बोटं ओढणाऱ्या दोऱ्या, आखडल्या होत्या. मृदंगाच्या चामडी वाद्याच जणू. रोज कोमट पाण्यात हात बुडवून एकेक बोट उघडायचं. दुखायचं, मी ओरडायचो, शिरपूरकर ताल धरायचा. आम्ही फार हसलो त्या खोलीत.

घरी आल्यावर एकादशीच्या भजनाला मारुतीच्या देवळात मृदंग मांडीवर घेतला. कणीक सुभद्रेनं ताजी मळून दिली. डावा हात उघडला, पण धावेना. भरावाचे जलद बोल निघेनात. म्हणून साधा ठेका धरला, खालीला हात उचलून ठेवला, आणि सम आली तेव्हा नुसता एकच घुमारा दिला. डोळ्यांत पाणी आलं. वाजत होता माझा मृदंग.

अभंग संपल्यावर तो म्हणणारे आमचे म्हातारे विणेकरी किसनाजी उठून माझ्याजवळ आले. त्यांनी माझा डावा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. मला वाटलं, आशीर्वाद देणार.

"इतक्या वर्सांत पयल्यांदा माहा अभंग मले आयकू आला," ते म्हणाले. "दुसऱ्या हातालेही एखांदं गळू होऊ दे, बाप्पा."