बाबांचा तराजू आणि माझी दुर्बीण

दुर्बीण मी केली, पण तोलायला बाबा बसले. आमच्या वाडीतली सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, जन्मभर त्यांनीच तोललेली. "तराजू तुला काय कळतो?" असं त्यांनी मला, आपल्या शाळामास्तर मुलाला, ऐकवलं. वजनंही त्यांचीच, तेव्हा मी मुकाट्याने बाजूला झालो.

गोखिवऱ्याच्या लोहाराने नळाच्या पाइपातून दुर्बिणीचा आस करून दिला होता. तो ध्रुवाकडे रोखला की चंद्र सरकेल तशी नळी नुसती बोटाने फिरवायची. फक्त एका अंगाची नळी आणि दुसऱ्या अंगाच्या दांडीवरची वजनं अगदी समतोल हवीत. हात सोडला की नळी आहे तिथेच थांबली पाहिजे.

आईला घाई होती. परवा मुंबईत तिच्या एका डोळ्यातला मोतीबिंदू काढायचा होता आणि दुसराही धूसर व्हायला लागला होता. "पट्टी सोडल्यावर काय दिसल कोनाला ठाव," ती म्हणाली, "आधी एकदा चंद्र नीट बघू दे."

संध्याकाळी अंगणात मी अष्टमीचा चंद्र धरला आणि आईला पुढे केलं. तिने त्यातल्या त्यात बरा डोळा लावला.

"काळोख हाय."

पाहतो तर चंद्र गायब! मी राजोडीच्या किनाऱ्याकडून येणाऱ्या वाऱ्याला शिव्या घालत तो पुन्हा धरला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आई मागे सरली आणि पदराने डोळा पुसत म्हणाली, "ह्योपन डोळा गेला रे."

तेव्हा कुठे मी नळीकडे निरखून पाहिलं. ती सावकाश खाली कलत होती.

"बाबा, तोल चुकलाय!"

"चुकला नाय. ठेवलाय तसा."

त्यांच्या लेखी नळी म्हणजे माल, आणि मालाचं पारडं थोडं खाली गेलंच पाहिजे. काटा मधोमध ठेवणं म्हणजे कंजूषपणा, आमच्या घराण्याला बट्टा!

"चंद्र काय गिऱ्हाईक आहे?" मी ओरडलोच.

बाबांनी तोंड फिरवलं. पण आई अजून डोळाच पुसत होती, ते त्यांना दिसलं. ते उठले. दांडीवरचं वजन बोटभर बाहेर सारलं, हात सोडून पाहिलं, मग जरासं आत घेतलं. इतक्या चिकटपणे तोलताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. नळी थांबली.

मी चंद्र पुन्हा धरला. आईने डोळा लावला. मी नळीकडेच पाहत राहिलो.

"अगो बाई, किती खड्डे!"

बाबा हसले. मग चंद्र सरकेल तशी तेच बोटाने नळी फिरवत राहिले, अगदी हलक्या हाताने, आणि मी त्यांना अडवलं नाही. आम्ही दोघांनी त्या दिवशी चंद्र नीट पाहिलाच नाही. आईच सोडेना. मला फार बरं वाटत होतं.

बऱ्याच वेळाने ती बाजूला झाली.

"आता खुशाल बांधू देत पट्टी," ती म्हणाली.